सात नंबरच्या टाकीची गोडी

४ जानेवारी

ती. मामा,

हे पत्र आईला दाखवू नकोस. तिला यातलं काही कळवूही नकोस. तू फोन काढून टाकलास ते एका परीने बरंच झालं. ही गोष्ट तुझ्या कानात शिरेपर्यंत मला ओरडावं लागलं असतं, आणि ती ओरडण्यासारखी नाही.

माझं नाक गेलं, मामा.

नोव्हेंबरात आठ दिवस ताप होता. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. आधी वाटलं सर्दी असेल. मग एके सकाळी गॅसवर दूध करपून पातेलं काळं झालं आणि मी शेजारी बसून पेपर वाचत होते. धूर दिसला तेव्हा कळलं. त्यानंतर घरातलं सगळं हुंगून पाहिलं. साबण, फिनेल, कांदा, बाबांचे जुने बूट. काही नाही. हवा नुसती आत जाते आणि बाहेर येते.

चवखोलीत अजून आम्ही पाचच जण बसतो. प्रत्येकाचा पेला ठरलेला. माझा चार नंबरचा, म्हणजे तुझाच. तू निवृत्त होताना माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, 'नकटे, याला फक्त गरम पाण्याने धू.' त्या पेल्यात आता बिअर असो, वाइन असो, ब्रँडी असो, मला आंबट, गोड, कडू, खारट आणि जळजळ एवढंच कळतं. सगळं नुसतं ओलं. दीड महिना मी एक युक्ती करते आहे. आमच्या पाचांतले दाढीवाले आधी बोलतात, त्यांना थांबवतच नाही कोणी. ते जे म्हणतात तेच मी जरा वेगळ्या शब्दांत म्हणते. परवा त्यांनी माझ्याकडे टक लावून बघितलं.

नोकरी जाईल ही भीती आहेच. पण खरी भीती निराळी आहे. आम्हा पाचांच्या सह्या झाल्याशिवाय कुठलीही टाकी बाटल्यांत भरायला जात नाही. एखाद्या दिवशी त्या पेल्यात नको ते काहीतरी असेल, बाकीचे चौघे बेसावध असतील आणि मी दाढीवाल्यांच्या मागून 'छान' म्हणेन. मग ते लोकांच्या घरी जाईल. कुणाच्या तरी जेवणाच्या टेबलावर.

म्हणून तुझ्याकडे आले. सोबत चार छोट्या बाटल्या पाठवते आहे. चारही बिअर, कुठली ते प्रत्येकीवर लिहिलंय. तू चाखून नेहमीसारखं लिही. मी ते माझं म्हणून सांगेन. नाक परत येईपर्यंतच. डॉक्टर म्हणतात येईल. कधी ते म्हणत नाहीत.

तुझी,
नकटी (आता नावाप्रमाणे)


९ जानेवारी

चि. नकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून सबंध दुपार खुर्चीत बसून होतो. उत्तर दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. पहिल्यात 'नाही' असं लिहिलं होतं. दुसऱ्यात काय लिहिलं होतं ते असो. हे तिसरं.

घाबरू नकोस. मी आहे.

तुझ्या बाटल्या खिडकीपाशी मांडल्या, उजेडात धरून पाहिल्या, बुचं काढली, आणि जुन्या वह्याही खाली काढल्या. त्या हाताशी असल्या की शब्द लवकर सुचतात. तर ऐक.

पहिली, फिकी आणि हलकी. शाळेच्या वाटेवर गवत कापून ठेवलेलं असायचं आणि त्यावर कोवळं ऊन पडायचं, ती सकाळ. दुसरी, तांबूस. पावाची कड, जरा जास्त भाजली गेलेली, जिच्यासाठी मी आणि तुझी आई भांडायचो. तिसरी गव्हाची आहे, तिच्यात पिकलं केळं आणि मागे अर्धी लवंग. चौथी काळी. आमच्या वर्गातल्या शेगडीत विझत आलेला कोळसा आणि शेवटच्या तासाचा कंटाळा.

हसू नकोस. कवितेचे मास्तर आम्हाला डोळे मिटायला लावून कविता म्हणवून घेत. म्हणत, 'गाढवांनो, शब्द आधी नाकाला लागला पाहिजे. मग कानाला.' वर्ग खिदळायचा. मी मात्र खरंच हुंगायचो. पुस्तकाचं पान नाकाला लावून सबंध धडा वाचायचो. तिथूनच या धंद्याला लागलो असं म्हणायला हरकत नाही.

आता एक कामाचं. पहारा सोडू नकोस. मी तुला शिकवलं होतं ते आठवतं ना? दर खेपेत एक जुळं घालायचं. एकाच टाकीतला माल दोन बाटल्यांत, दोन निरनिराळे आकडे टाकून. चाखणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. दोन्हींना त्याने एकच म्हटलं तर तो खरा. चाळीस वर्षं मी स्वतःवर हा पहारा ठेवला आणि सहा महिने तुझ्यावर. तू एकदाही चुकली नाहीस, तेव्हाच पेला तुला द्यायचं ठरवलं.

माझ्यासाठी मात्र जुळं घालायच्या भानगडीत पडू नकोस. या वयात परीक्षा नको वाटते.

मामा


१६ जानेवारी

ती. मामा,

तू जादूगार आहेस! काल गव्हाच्या बिअरला मी दाढीवाल्यांच्या आधी बोलले. 'केळं आणि मागे अर्धी लवंग.' ते म्हणाले, 'अर्धी कशी हो? लवंगेला अर्धी म्हणजे काय, वजन करून बघितलीत?' आणि सगळे हसले. पण प्रमुखांनी मान हलवली, आणि सही करताना म्हणाले, 'मामांची भाची शोभतेस.'

मला त्या क्षणी रडू आलं. खोटं बोलून मिळालेलं कौतुक आपलं होत नाही, मामा.

घरी आले तरी डोक्यातून जात नाही. पाणी पितानासुद्धा पेल्यात बघत बसते. झोपताना गॅसचं बटण चार-चार वेळा तपासते. ज्याला वास येत नाही त्याला सगळंच संशयास्पद वाटतं, हे तुला कसं कळणार.

एक गंमत सांगते, म्हणजे पत्र सगळंच रडकं व्हायला नको. आमचा फिटर, ज्याला सगळे पान्या म्हणतात, मला दारात अडवून म्हणाला, 'ताई, तुमच्या खोलीत पाच जण नुसते चाखून थुंकतात, आणि इकडे माझी मशीन गुपचूप पिते! सात नंबरच्या गारव्यासाठी दर सोमवारी बादलीभर कूलंट ओततो आणि शुक्रवारी बघावं तर पातळी खाली. माझ्या दाजींसारखी झालीय. पिते कधी ते दिसत नाही.' टाक्यांना दुहेरी भिंत असते ना, त्या दोन भिंतींच्या मधून ते गार ठेवणारं कूलंट खेळतं. मी म्हटलं, साहेबांना सांग. म्हणाला, सांगितलं, ते म्हणाले नळीचा वायसर बदल.

या खेपेला तीन ब्रँडी आहेत, किती वर्षं मुरलेल्या ते बाटलीवर लिहिलंय. शिवाय सहा जरा मोठ्या, पाव-पाव लिटरच्या बाटल्या लाल वाइनच्या. त्यांच्यावर नुसते आकडे आहेत. कुठल्या ते मुद्दाम लिहिलं नाही. मला काहीतरी वाटतंय, आणि ते मी आधी बोलले तर तुझ्या मनात तेच येईल. तू कोऱ्या मनाने बघ आणि लिही.

लवकर लिही.

नकटी


२४ जानेवारी

चि. नकटीस आशीर्वाद.

ब्रँडी तिन्ही उत्तम. चार वर्षांची अजून पोरवयातली, दार आपटून घरात येते. आठ वर्षांची पायरीवर चपला काढून येते. पंधरा वर्षांची आधीपासूनच घरात बसलेली असते आणि आपल्यालाच 'या, बसा' म्हणते. सहीला हरकत नाही.

लाल वाइनवर नाव नसल्याने मला जरा जास्त वेळ लागला. एका दिवसाऐवजी तीन दिवस बसलो. लिहून घे.

एक. काळी द्राक्षं, पाटाचं पाणी नुकतंच फिरलेली माती. दोन. जुन्या वहीचा कागद आणि देवदाराची पेटी. तीन. कवितेच्या पुस्तकात दाबून ठेवलेली आणि विसरलेली गुलाबाची पाकळी. चार. मिरी, घोड्याचं जीन, जरासा धूर. पाच. फार पिकलेली आलुबुखारं, उन्हातली. सहा. सुताराच्या दारातला भुसा आणि त्यात सांडलेला मध. सहांतली तीन नंबरची मला सर्वात प्रिय. चारला जरा दम धरू दे.

लिहिता लिहिता दोन ओळी सुचल्या:

पेला कलता उजेड सांडे, आत दडली बाग,
ओठांआधी नाकच काढी तिचा अचूक माग.

मास्तर असते तर 'यमक बरं, अर्थ उसना' असा शेरा मारून वही परत केली असती.

सहाही बाटल्या बऱ्याच उरल्या आहेत. बुचं लावून ठेवल्या. दोन फेब्रुवारीला तुझ्या मामीचा वाढदिवस. त्या दिवशी तिच्या खुर्चीसमोर बसून एकेक संपवीन. चाखून थुंकणारा नवरा तिला कधीच आवडला नाही. म्हणायची, 'आयुष्यभर तोंडात घेतलं आणि टाकून दिलं, कधी गिळलं म्हणून नाही.' तर या वाढदिवसाला गिळीन म्हणतो.

तुला काय वाटतंय ते आता लिही. मी कोऱ्या मनानेच पाहिलं आहे.

मामा


३१ जानेवारी, सकाळ

मामा,

त्या बाटल्या पिऊ नकोस. एक थेंब पिऊ नकोस. पुढचं नंतर वाच, आधी उठ आणि सहाही मोरीत ओत.

ओतल्यास? आता वाच.

सहाही बाटल्या एकाच टाकीतल्या होत्या. सात नंबरच्या. जुळं नव्हतं ते, सहा भावंडं होती. मी तुझी परीक्षा घेत नव्हते, शप्पथ. मला वाटलं होतं की सहाही ठिकाणी तू एकच गोष्ट लिहिशील आणि मग माझी खात्री पटेल. तू मला सहा वेगवेगळ्या बागा लिहून पाठवल्यास. पत्र हातात घेऊन मी जिन्यात खाली बसले. मामा, तुझंही नाक गेलंय का? कधी? म्हणजे इतके दिवस माझ्या सहीमागे कोणीच नव्हतं?

रागावले नाहीये. राग येण्याइतकी जागाच नाही आत, सगळी भीतीने भरली आहे.

मला काय वाटत होतं ते सांगते. सात नंबरची वाइन डिसेंबरात होती त्यापेक्षा आता गोड लागते. वास येत नाही म्हणून मला गोडी अगदी उघडी लागते. इतरांना फळं येतात, लाकूड येतं, गोडी त्यात मुरून जाते. दाढीवाले म्हणाले, 'यंदा सात नंबर भरदार झालीय.' मी प्रयोगशाळेतल्या बाईंकडून तीन वेळा साखर मोजून घेतली. साखर वाढलेली नाही. साखर तेवढीच आणि गोडी जास्त, हे कसं?

काल तुझं पत्र आलं, आणि कालच मी पान्याकडे गेले. कूलंटच्या पिंपावर कवटीचं चित्र आहे. मी विचारलं, 'पान्या, याला वास येतो का रे?' म्हणाला, 'छे. वास नाही काही नाही. पण गोड असतं म्हणे. म्हणून तर झाकण घट्ट लावायचं. मागे एक मांजर चाटून मेलं, दोन दिवस दारुड्यासारखं झोकांड्या खात होतं बिचारं.'

दर सोमवारी बादलीभर, मामा. ते कुठे जातंय?

दहा तारखेला सात नंबर भरायची आहे. आठ हजार बाटल्या. नऊ तारखेला शेवटची चव आणि सह्या. काल संध्याकाळी प्रमुखांच्या दारापर्यंत गेले होते. कडीला हात लावला आणि परत आले. 'वास घेऊन सांग' म्हणाले तर काय सांगू? आणि उलट माझी जीभच बिघडली असेल तर? आठ हजार बाटल्या मी एका भासापायी अडवणार? तुझं काहीही उत्तर आलं तरी नऊ तारखेला मी बोलणार आहे. असं लिहिते तर आहे. बोलेन की नाही, मला माहीत नाही.

वासाचं सोड. तुझ्या जिभेला काय लागलं तेवढं एका ओळीत लिही.

हे पत्र सर्वात लवकर जाणाऱ्या कुरिअरने पाठवते. दोन तारखेला सकाळी पोचेल म्हणाला. तुझ्या इमारतीतल्या कोणाचाच नंबर माझ्याकडे नाही, आणि आईकडेही नाही. विचारलं तर ती म्हणाली, 'का गं, आवाज असा का येतोय तुझा?'

नकटी


५ फेब्रुवारी

ताई,

ओळख नसताना लिहिते. मी तुमच्या मामांच्या खालच्या मजल्यावर राहते, कपडे शिवते. तुमचे मामा दवाखान्यात आहेत. जिवंत आहेत, ते आधी सांगते म्हणजे पुढचं वाचाल.

तीन तारखेला सकाळी वरून खुर्ची पडल्यासारखा आवाज आला. गेले तर दार नुसतं लोटलेलं. मामा जमिनीवर बसलेले, जीभ जड, पाय एकीकडे आणि डोकं भलतीकडे, ओकारी झालेली. टेबलावर सहा बाटल्या रिकाम्या. खोटं कशाला बोलू, मला रागच आला. म्हटलं, एवढा कवितेबिवितेचा माणूस, आणि बायकोच्या वाढदिवसाला हे धंदे! त्यांना उठवत होते तेवढ्यात कुरिअरवाला आला. म्हणे कालच येणार होतं, गाडी चुकली. पाकिटावर लाल शाईने 'ताबडतोब उघडा' लिहिलेलं, म्हणून मीच उघडलं. दुसऱ्याचं पत्र वाचलं, त्याची माफी करा.

पहिली ओळ वाचली आणि तशीच रिक्षा बोलवायला धावले.

दवाखान्यातले तरुण डॉक्टरही बघून म्हणाले, 'आजोबांना जास्त झालीय. झोपू द्या, उतरेल.' मी तुमचं पत्र त्यांच्या नाकासमोर धरलं. म्हटलं, आधी वाचा, मग झोपवा. ते वाचता वाचता खुर्चीतून उठले आणि पळत गेले. मग सगळीच पळापळ. मूत्रपिंडं धरली होती विषाने. यंत्राला लावलं. एक चमत्कारिक गोष्ट सांगते, या विषावर एक उतारा म्हणे दारूचाच असतो, शिरेतून देतात. काल मामा शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी त्यांना हे सांगितलं तर ते डोळे न उघडता विचारतात, 'किती वर्षं मुरलेली?' नर्स हसता हसता बाहेर गेली. मी मात्र रडले.

त्यानंतर त्यांनी 'टाकी भरली का?' एवढंच तीन-चार वेळा विचारलं. मला काही कळेना. मग कागद मागितला. औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलंय, अक्षर बघून घाबरू नका, हाताला नळी आहे. ती चिठ्ठी सोबत घालते. तुमचा नंबर मामांना आठवेना आणि पाकिटावर नुसता पत्ता, नाहीतर फोनच केला असता; लवकर पोचवा म्हणून मी स्वतः कुरिअरवाल्याच्या डोक्यावर उभी राहिले आहे.

आपली,
खालच्या मजल्यावरची

(सोबतची चिठ्ठी)

नाक नाही. चार वर्षं नाही. सगळं वह्यांतलं लिहिलं.
जीभ आहे. गोड होतं. सहाही सारखंच गोड.
सांग. आजच सांग.


११ फेब्रुवारी

ती. मामा,

चिठ्ठी आठ तारखेला संध्याकाळी मिळाली. प्रमुख घरी गेले होते, घरचा फोन कोणी उचलला नाही. रात्र कशी काढली ते विचारू नकोस. नऊला सकाळी त्यांच्या आधी जाऊन चवखोलीच्या दारात उभी राहिले.

ते म्हणाले, 'एवढ्या लवकर?' मी म्हटलं, 'सात नंबर भरू नका.' तेवढ्यात बाकीचेही आले. दाढीवाल्यांनी पेला भरून नाकाशी नेला आणि म्हणाले, 'काय वाईट आहे? लाकूड आहे, फळ आहे. घ्या, तुम्हीच वास घेऊन सांगा काय येतंय.'

पेला हातात घेतला आणि खाली ठेवला. म्हटलं, 'मला वास येत नाही. नोव्हेंबरपासून.'

दाढीवाले म्हणाले, 'आणि ती अर्धी लवंग?'

'ती मामाची होती. आणि मामाचीही नव्हती. जुन्या वहीतली होती.'

ते हसले नाहीत, मामा. मला वाटलं होतं हसतील. मी तुझ्या सहा बागांचा कागद टेबलावर ठेवला आणि शेजारी तुझी चिठ्ठी. प्रमुखांनी दोन्ही वाचले. चिठ्ठी दोनदा. मग ओरडले ते एकदम पान्याच्या नावाने. पान्या आला. मी म्हटलं, साहेबांना बादलीचं सांग. तो म्हणाला, 'दोनदा सांगितलंय, आता तिसऱ्यांदा सांगतो.' दुपारी टाकी रिकामी करून तो दिवा घेऊन आत उतरला. आतल्या भिंतीच्या जोडावर केसाएवढी भेग होती. बोट फिरवलं की ओलं लागायचं. वर आला तो बोट फडक्याला पुसतच राहिला. एकही विनोद केला नाही त्याने.

सात नंबर भरली नाही. ती पूर्ण वाया घालवणार आहेत.

माझा पेला प्रमुखांनी फडक्याने पुसला आणि फळीवर उपडा ठेवला. तुला माहीत आहे त्याचा अर्थ. म्हणाले, 'आज तू आठ हजार घरं वाचवलीस. पण गेले अडीच महिने तू सही करत होतीस, हेही मला विसरता येणार नाही.' सध्या मला प्रयोगशाळेतल्या बाईंच्या हाताखाली बसवलं आहे. बाटल्या धुते, आकडे लिहिते.

नोव्हेंबरनंतर माझ्या सहीने अकरा टाक्या गेल्या. सगळ्यांचे नमुने बाहेर तपासायला पाठवलेत, माल परत मागवलाय. सहांचे निकाल आले, निर्धोक. पाच यायचे आहेत. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावते.

आईला सगळं सांगितलं. ती पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येतेय, तयारीत राहा.

दवाखान्यातून घरी आलास की सोबतच्या पुडक्यातल्या दोन बाटल्या उघड. आत काय आहे ते लिहीत नाही. घाबरू नकोस असंही लिहीत नाही. फक्त जे लागेल ते लिही.

नकटी


२२ फेब्रुवारी

चि. नकटीस,

पाच दिवस झाले घरी येऊन. तुझी आई आली, यथेच्छ बोलली, पथ्याचं शिजवून ठेवून गेली. मी मान खाली घालून ऐकलं. शाळेत कविता विसरलो की असाच उभा राहायचो.

तुला एक सांगायचं राहिलं आहे. फाडलेल्या दोन उत्तरांतलं दुसरं.

तुझी मामी गेली त्या हिवाळ्यात मी तिची निळी शाल पेटीत ठेवली होती. धुतली नव्हती मुद्दाम. फार वाटलं की पेटी उघडायची, तोंड घालायचं आणि परत बंद करायची, वास संपू नये म्हणून घाईघाईने. एके दिवशी उघडली तर नुसती लोकर. मला वाटलं, संपला. मी शालीवर रागावलो. खालच्या शिंपीणबाई काही विचारायला वर आल्या होत्या, त्या दारातूनच म्हणाल्या, 'अगंबाई, काय छान वास सुटलाय, चंदनाचा का?' तेव्हा कळलं की शाल तशीच आहे, मीच संपलो आहे. कुणाला सांगितलं नाही. ज्याने नाकावर आयुष्य काढलं त्याने काय सांगायचं? वह्या होत्या. चाळीस वर्षांचे वास त्यांत लिहिलेले होते. त्यांतून मी हवा तो काढत होतो आणि मला वाटत होतं, आठवणीतला वास हाही वासच.

तू विचारलंस तेव्हा हे लिहिलं होतं. मग वाचून पाहिलं आणि वाटलं, पोर घाबरली आहे, तिला धीर हवा, माझं रडगाणं नको. धीर म्हणून तुला कविता पाठवली. त्या कवितेच्या पोटात विष होतं हे मला माझ्याच पोटात गेल्यावर कळलं.

तुझ्या दोन बाटल्या मंगळवारपासून टेबलावर आहेत. उघडायचं धाडस होईना. रोज त्यांच्यासमोर बसायचो आणि उठायचो. विषाची भीती नव्हती. तू मला विष पाठवणार नाहीस. बूच निघालं की हात आपोआप वहीकडे जाईल, ही भीती होती. शेवटी आज शिंपीणबाईंना वर बोलावलं, वह्यांचा गठ्ठा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, मी संपेपर्यंत खाली घेऊन जा. त्या म्हणाल्या, 'कोण संपेपर्यंत?' म्हटलं, 'चाखणं हो, चाखणं.' 'तर तसं नीट बोला ना,' म्हणाल्या, आणि गठ्ठा घेऊन जिन्यात बसून राहिल्या.

निकाल पुढे लिहितो आहे. उरलेल्या पाच टाक्यांचं काय झालं ते ताबडतोब कळव. दाराशी पोस्टमनची वाट बघत बसतो.

बाटली एक. रंग नाही. वास माहीत नाही. गोड नाही, आंबट नाही, कडू नाही. पाणी. थुंकलं.

बाटली दोन. वरीलप्रमाणे. थुंकलं.

जुळं आहे.

मामा